रांगड्या कांद्यात दरवर्षी डेंगळे का येतात? कारण शोधण्याची आणि टाळण्याची पद्धत

डिसेंबरात कांद्याचे शेत हिरवेगार असते, पात भरलेली असते, मान जाड झालेली असते. आणि जानेवारी अर्धा सरतो न सरतो तोच वाफ्यांतून गोल, पोकळ, टोकाला कळी धरलेले दांडे वर येऊ लागतात. कोणी त्यांना डेंगळे म्हणतात, कोणी डोंगळे. नाशिक, अहिल्यानगर, पुणे, सोलापूर, धुळे या पट्ट्यात रांगडा, म्हणजे खरीप आणि उन्हाळी यांच्या मधल्या हंगामातला, कांदा लावणाऱ्या बहुतेक शेतकऱ्यांना हे दृश्य नवे नाही. एखाद्या वर्षी शंभरात दोन-चार डेंगळे असतात आणि त्यांच्याकडे कोणी लक्ष देत नाही. एखाद्या वर्षी मात्र शेतच फुलोऱ्यावर आल्यासारखे दिसते. मग दोष कधी बियाण्याला, कधी खताला, कधी मागच्या आठवड्यात मारलेल्या औषधाला दिला जातो. पुढच्या वर्षी दुकानातून दुसरे बी आणि दुसरे टॉनिक आणले जाते, लागवडीची तारीख मात्र तीच राहते.

या लेखाचे म्हणणे थोडक्यात असे आहे की डेंगळा केवळ थंडीमुळे येत नाही. थंडी पडली तेव्हा रोप किती मोठे होते, यावर तो ठरतो. थंडी आपल्या हातात नाही, पण रोपाचे वय आणि जाडी बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे. म्हणून हा दोष फवारणीने दुरुस्त होत नाही. तो रोप टाकण्याच्या (रोपवाटिकेत बी पेरण्याच्या) आणि लागवडीच्या तारखेत, रोपांच्या निवडीत आणि बियाण्याच्या उगमात दुरुस्त करावा लागतो.

रोपाच्या आत काय घडते

कांदा हे स्वभावाने द्विवर्षायू पीक आहे. पहिल्या हंगामात ते पाने आणि गड्डा तयार करते, आणि मध्ये थंडीचा काळ गेल्यावर दुसऱ्या हंगामात त्याच गड्ड्यातून फुलांचा दांडा काढून बी धरते. आपण खाण्यासाठी कांदा लावतो तेव्हा या दोन टप्प्यांपैकी पहिलाच आपल्याला हवा असतो. डेंगळा म्हणजे रोपाने एकाच हंगामात दोन्ही टप्पे उरकायला घेणे.

मुळांच्या वर जी कठीण थाळी असते तिच्या मधोमध रोपाचा वाढणारा कोंब असतो. हा कोंब एकामागून एक पाने काढत राहतो. रोप पुरेसे मोठे झाले असेल आणि त्याला काही आठवडे थंडी सलग मिळाली, तर हाच कोंब पाने काढणे थांबवून फुलाची कळी तयार करतो. ‘पुरेसे मोठे’ म्हणजे काय, हे वाणानुसार बदलते; परंतु बाहेर दिसणारी आणि आत दडलेली मिळून साधारण ७ ते १० पाने झाल्यावर आणि मान पेन्सिलीएवढी जाड झाल्यावर रोप थंडीला असा प्रतिसाद देऊ लागते. त्याहून लहान रोपाला तितकीच थंडी मिळाली तरी ते पानेच काढत राहते. लहान रोपाच्या या बेफिकिरीवरच पुढचे सारे उपाय उभे आहेत.

थंडी किती हवी, याबद्दलही एक गैरसमज आहे. पारा जितका खाली जाईल तितके डेंगळे जास्त, असे सरळ गणित नसते. ९ ते १३ अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान फुलकळी तयार होण्यास सर्वांत अनुकूल असते, आणि वाणानुसार ही पट्टी थोडी वर-खाली सरकते. निफाडसारख्या ठिकाणी एखाद्या रात्री पारा ५ अंशांच्या खाली गेला की वर्तमानपत्रांत बातमी येते आणि शेतकरी धास्तावतो. पण त्या एका रात्रीपेक्षा लागोपाठ अनेक दिवस टिकलेली १०-१२ अंशांची मध्यम थंडी डेंगळ्यांच्या दृष्टीने अधिक घातक असते. त्यातही दिवसाचे ऊन चांगले तापले तर रात्रीच्या थंडीचा परिणाम काही अंशी कमी होतो. रात्र थंड आणि दिवसही ढगाळ, गार, असे आठवडे आले तर तो दिलासा मिळत नाही.

कळी आत तयार होते तेव्हा बाहेर काहीच दिसत नाही. ती दांड्यावर चढून पातीबाहेर डोकावेपर्यंत काही आठवडे जातात. त्यामुळे जानेवारीच्या अखेरीस दिसलेल्या डेंगळ्याचे कारण जानेवारीच्या अखेरीस शोधणे चुकीचे ठरते. ते डिसेंबरात, किंवा त्याही आधी, रोप टाकलेल्या दिवशी शोधावे लागते. ‘अमुक फवारले आणि आठच दिवसांत डेंगळे आले’ या तक्रारीत दोन घटना केवळ एकापाठोपाठ घडलेल्या असतात.

नेमका रांगडाच का सापडतो

महाराष्ट्रात कांदा तीन हंगामांत होतो. खरीप किंवा पोळ कांद्याची लागवड जुलै-ऑगस्टमध्ये होऊन तो ऑक्टोबर ते डिसेंबरात निघतो, म्हणजे खरी थंडी येईपर्यंत त्याचा बराचसा कारभार आटोपलेला असतो. उन्हाळी कांद्याचे रोप ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत टाकतात आणि लागवड डिसेंबर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत चालते. त्यामुळे कडाक्याच्या थंडीत ते रोप रोपवाटिकेत तरी असते किंवा शेतात नुकतेच लागलेले, बारीक असते. रांगडा या दोहोंच्या मध्ये येतो. ऑगस्ट-सप्टेंबरात टाकलेले रोप सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात शेतात लागते, परतीचा पाऊस आणि ऑक्टोबरची ऊब यांवर जोमाने वाढते, आणि थंडी सुरू होते त्या वेळी पूर्ण भरात असते. थंडीला प्रतिसाद देण्याच्या वयात आलेले रोप आणि ऐन थंडी यांची गाठ पडते ती याच हंगामात.

तारखांनी पाहिले तर हे अधिक स्पष्ट होते. १५ ऑगस्टला टाकलेले रोप ऑक्टोबरच्या सुरुवातीला लागले, तर १५ डिसेंबरला ते बियापासून मोजता चार महिन्यांचे असते. तेच रोप १५ सप्टेंबरला टाकून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात लावले, तर १५ डिसेंबरला त्याला शेतात जेमतेम सहा आठवडे झालेले असतात आणि मान अजून बारीक असते. दोघांवर एकच थंडी पडते, पण परिणाम वेगळा होतो.

याला दिवसाच्या लांबीची जोड आहे. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि तेथे डिसेंबरच्या उत्तरार्धात दिवस सुमारे ११ तासांचा असतो. आपले वाण लहान दिवसांत गड्डा धरणारे असले तरी, थंडी आणि सर्वांत लहान दिवस एकत्र आल्यावर गड्डा फुगण्याची गती मंदावते. पुढे दिवस लांबू लागले आणि ऊब आली की गड्डा वेगाने फुगू लागतो आणि आत तयार झालेली एखादी कोवळी कळी दाबलीही जाते. म्हणजे गड्डा आणि दांडा यांच्यात एक चढाओढ चालू असते. फेब्रुवारी लवकर तापला तर काही कळ्या जिरतात. थंडी लांबली तर दांडा जिंकतो. एकाच तारखेला, एकाच वाणाची लागवड करूनही एका वर्षी डेंगळे किरकोळ आणि दुसऱ्या वर्षी बेसुमार का येतात, याचे उत्तर येथे आहे.

डेंगळे कोठे आले आहेत ते आधी पाहा

कारण ठरवण्यापूर्वी शेतातून सावकाश एक फेरी मारावी आणि डेंगळ्यांची मांडणी पाहावी. माझ्या मते निदानाचे निम्म्याहून अधिक काम या फेरीत होते, आणि नेमके तेच बहुतेक जण टाळतात.

बांधालगतची, पाटाच्या कडेची किंवा तुटाळीच्या (रोप मेल्याने रिकाम्या राहिलेल्या जागेच्या) शेजारची रोपे तेवढी फुलोऱ्यावर आली असतील, तर कारण रोपाची जाडी हे आहे. अशा जागी रोपाला मोकळी हवा, जास्त अन्न आणि जास्त उजेड मिळतो, ते शेजाऱ्यांपेक्षा लवकर मोठे होते आणि थंडीत आधी सापडते. येथे उपाय म्हणजे लागवड एकसारखी, १५ × १० सेंटिमीटरच्या जवळपास ठेवणे आणि तुटाळी पहिल्या आठ-दहा दिवसांतच भरून काढणे. भरताना शिल्लक राहिलेली जाड रोपे वापरू नयेत. हौसेने निवडलेली तीच जाड रोपे पुढे डेंगळे म्हणून उभी राहतात.

एका मजुराने लावलेले काही वाफे डेंगळ्यांनी भरून आले आणि शेजारचे वाफे स्वच्छ राहिले, तर रोपांची प्रतवारी झाली नव्हती असे समजावे. रोप उपटल्यावर जाड आणि बारीक रोपांच्या जुड्या वेगळ्या न करता लावल्या की असे होते. हरभऱ्याच्या दाण्याएवढी गाठ धरलेले रोप लागणीस योग्य मानले जाते. त्याहून फार पुढे गेलेले, मानेला पेन्सिलीएवढे जाड झालेले रोप रांगड्यात लावू नये, मग रोपांचा कितीही तुटवडा असो.

शेताच्या सखल भागात, नदी-ओढ्याकडच्या पट्ट्यात डेंगळे अधिक आणि चढाच्या भागात कमी, असे दिसले तर थंड हवेचा हिशेब लावावा. शांत, निरभ्र रात्री थंड आणि जड झालेली हवा उताराने खाली येऊन सखल जागी साचते, त्यामुळे एकाच गटातल्या दोन टोकांना रात्रीच्या तापमानात फरक पडतो. अशा सखल भागात रांगडा लावायचाच असेल तर तो सर्वांत शेवटी लावावा, किंवा ती जागा उन्हाळी कांद्यासाठी ठेवावी.

पात पिवळसर पडलेल्या, वाढ खुंटलेल्या पट्ट्यांत डेंगळे दाटले असतील, तर नत्राची उपासमार झाली आहे का ते तपासावे. सारखीच थंडी मिळालेल्या रोपांपैकी नत्र कमी पडलेली रोपे अधिक प्रमाणात फुलोऱ्यावर जातात. याविषयी पुढे अधिक लिहिले आहे.

आणि डेंगळे साऱ्या शेतभर, जाड-बारीक रोपांचा भेद न करता, सारख्या अंतराने विखुरलेले असतील, शेजारच्या शेतात त्याच आठवड्यात लावलेला दुसरा वाण मात्र स्वच्छ असेल, तर संशय बियाण्यावर घ्यावा. या क्रमाला महत्त्व आहे: बियाण्यावर संशय घेण्याआधी तारीख, जाडी, जागा आणि अन्न या चारही शक्यता बाजूला सारल्या गेल्या पाहिजेत.

फेरीबरोबर मोजणीही करावी. शेताच्या चार-पाच वेगवेगळ्या जागी सलग १०० रोपे धरून त्यांतले डेंगळे मोजावेत आणि वहीत लिहावेत. ‘खूप आले’ आणि ‘थोडे आले’ यांवर पुढच्या वर्षीचा निर्णय घेता येत नाही.

लवकर ओळखण्याची खूण हवी असेल, तर मानेला बोटांनी चाचपून पाहावे. पात दाबली की चपटी होते, आत चढत असलेला दांडा मात्र घट्ट लागतो. बाहेर आल्यावर फरक उघड दिसतो, कारण कांद्याचे पान एका बाजूने चपटे असते आणि दांडा पूर्ण गोल, मध्याच्या खाली किंचित फुगलेला असतो. डिसेंबरच्या अखेरीस शंका असल्यास दोन-चार जाड रोपे उपटून उभी चिरावीत. थाळीच्या वर मधोमध टोकदार, आवरणात गुंडाळलेली कळी भिंगाखाली दिसते.

पुढच्या हंगामाची तारीख

ज्या शेतात डेंगळ्यांचे प्रमाण दरवर्षी त्रास देण्याइतके आहे, तेथे पहिली दुरुस्ती तारखेची. ऑगस्टच्या सुरुवातीला टाकलेले रोप लवकर निघते, आणि खरिपाची आवक ओसरून उन्हाळी कांदा बाजारात येण्यापूर्वीचा भाव पकडता येतो, म्हणून लवकर लागवडीचा मोह होतो. तो मोह समजण्यासारखा आहे. पण लासलगाव किंवा पिंपळगावच्या लिलावात डेंगळे मिसळलेल्या ट्रॉलीला काय भाव लागतो, हेही त्याच हिशेबात धरले पाहिजे. रोप टाकण्याची तारीख दोन ते तीन आठवडे पुढे ढकलली, तर ऐन थंडीत रोप लहान राहते आणि काढणी तेवढीच लांबते.

एकदम सगळे क्षेत्र पुढे ढकलण्याऐवजी रोपे दोन किंवा तीन टप्प्यांत, १०-१२ दिवसांच्या अंतराने टाकावीत. प्रत्येक टप्प्याचे वाफे खुणेने वेगळे ठेवावेत आणि जानेवारी-फेब्रुवारीत प्रत्येकातले डेंगळे मोजावेत. आपल्या गावातली, आपल्या जमिनीतली सुरक्षित तारीख एवढ्यातून हाती लागते. विद्यापीठाची किंवा संशोधन केंद्राची शिफारस साऱ्या विभागासाठी असते. जुन्नरच्या डोंगराकडच्या शेताला आणि सोलापूरच्या माळाला एकच तारीख कशी लागू पडेल?

रोपाच्या वयाचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. रांगड्यासाठी साधारण ४५ ते ५० दिवसांचे रोप योग्य ठरते. अडचण अशी की सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस लांबला, शेतात वाफसा आला नाही, की लागवड रखडते आणि रोप वाफ्यातच ६०-६५ दिवसांचे होते. २०१९ मध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या अवकाळी पावसाने राज्यभर जे झाले त्याची आठवण अनेकांना असेल. अशा वेळी जुने रोप लावून वेळ साधल्याचे समाधान मिळते, परंतु ते रोप शेतात पाऊल टाकतानाच थंडीला प्रतिसाद देण्याच्या उंबरठ्याजवळ पोहोचलेले असते. रोपांची पात वरून एक तृतीयांश कापल्याने लागण सोपी होते आणि मर कमी होते. मानेची जाडी आणि आतल्या पानांची संख्या त्याने कमी होत नाही, त्यामुळे जुन्या रोपाचे वय कापणीने लपत नाही. रोप रखडण्याची शक्यता दिसताच थोडे बी राखून दुसरा टप्पा टाकणे हा त्यावरचा खरा विमा आहे. गादीवाफ्यावर टाकलेले रोप पावसात सपाट वाफ्यापेक्षा अधिक टिकते, म्हणून तेथेही दुर्लक्ष नको.

मात्र तारीख पुढे ढकलण्याला मर्यादा आहे, आणि ती दुसऱ्या टोकाच्या तापमानाने घातलेली आहे. लागवड फार उशिरा झाली तर पात पुरेशी भरण्यापूर्वीच दिवस लांबतात, पारा चढतो आणि रोप गड्डा धरायला लागते. पाने कमी असताना धरलेला गड्डा लहानच राहतो. जानेवारीच्या मध्यानंतर लावलेल्या उन्हाळी कांद्यात गोलटीचे, म्हणजे लहान कांद्यांचे, प्रमाण वाढते ते यामुळे. मार्च-एप्रिलचे ३५ ते ४० अंशांचे ऊन माना लवकर पाडते आणि भरण्याचा काळ आखडतो. म्हणजे लवकर लावले तर दांडा, उशिरा लावले तर गोलटी, आणि या दोहोंच्या मधली दोन-तीन आठवड्यांची फट आपल्याला शोधायची असते. पाने वाढण्यासाठी साधारण १३ ते २४ अंश आणि गड्डा भरण्यासाठी १६ ते २५ अंश तापमान मानवते, हे ध्यानात ठेवून आपल्या भागातील आठवड्यांची सरासरी पाहिली तर ती फट कोठे आहे याचा अंदाज येतो. राज्याच्या महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रे मंडळनिहाय बसवलेली आहेत. जवळच्या केंद्राचे किमान तापमान आठवड्याला एकदा वहीत उतरवले तरी पुरते.

खत, पाणी आणि फवारणी

‘युरिया जास्त झाला म्हणून डेंगळे आले’ आणि ‘युरिया कमी पडला म्हणून डेंगळे आले’ ही दोन्ही विधाने गावात ऐकू येतात, आणि दोन्हींत थोडे तथ्य आहे. लागवडीनंतर सुरुवातीलाच नत्राचा मोठा हप्ता दिला तर रोप थंडीपूर्वी फाजील वाढते आणि जाडीची मर्यादा लवकर ओलांडते. उलट सुरुवातीला भरपूर देऊन डिसेंबरात हात आखडला, तर नेमक्या थंडीच्या काळात रोप उपाशी पडते, आणि उपाशी रोप फुलोऱ्याकडे अधिक झुकते. शिफारशीतील नत्र, स्फुरद, पालाश १००:५०:५० किलो प्रति हेक्टर या प्रमाणातील नत्र अर्धे लागवडीच्या वेळी आणि उरलेले दोन हप्त्यांत देण्याची पद्धत आहे ती याच दृष्टीने उपयोगी पडते. दुसरा हप्ता मजूर नाहीत किंवा पाण्याची पाळी चुकली म्हणून पुढे जातो, आणि रांगड्यात तीच चूक महागात पडते. लागवडीनंतर ६० दिवसांच्या पुढे मात्र नत्र देऊ नये. त्याने डेंगळे थांबत नाहीत, माना जाड होतात आणि कांदा साठवणीत टिकत नाही.

पाण्याबाबत नियमितपणा एवढेच सांगण्यासारखे आहे. ताण आणि मग भरपूर पाणी अशा हिसक्यांनी जोड कांदे आणि चिरलेले कांदे वाढतात. थंडीच्या रात्री ओली जमीन कोरड्या जमिनीपेक्षा थोडी ऊब धरते हे खरे असले, तरी संध्याकाळच्या पाण्याने आठवड्यांची थंडी परतवता येत नाही.

फवारणीविषयी स्पष्ट लिहिलेले बरे. कोंबाने एकदा फुलकळी तयार केली की ती पुसून पुन्हा पाने काढायला लावणारे टॉनिक दुकानात मिळत नाही. दांडे दिसू लागल्यावर केलेला हा खर्च वाया जातो.

या हंगामात आलेल्या डेंगळ्यांचे काय करावे

प्रमाण कमी असेल तर दांडा कोवळा असतानाच, फूल उमलण्यापूर्वी, खालून मोडावा. त्यामुळे अन्न फुलोऱ्यात जाणे थांबते आणि गड्ड्याचे वजन काहीसे वाढते. पूर्ववत कांदा मात्र तयार होत नाही: दांड्याचा कठीण गाभा आत राहतो, आणि दांड्याच्या बाजूच्या डोळ्यातून नवा गड्डा फुटत असल्याने असा कांदा अनेकदा जोड निघतो. मोडलेल्या पोकळ दांड्यात पाणी शिरले तर कांदा आतून सडतो, म्हणून हे काम कोरड्या दिवशी, दव उडाल्यावर करावे आणि त्यानंतर लगेच तुषार सिंचन टाळावे.

काढणीच्या वेळी डेंगळ्यांचा ढीग वेगळा ठेवावा आणि तो आधी विकावा. जवळच्या बाजारात, खानावळींना, लगेच वापरणाऱ्या गिऱ्हाइकाला तो चालतो. तो कांदा साठवण्याच्या चाळीत टाकू नये. दांड्याच्या जागी मान कधीच नीट मिटत नाही, तेथून कूज सुरू होते आणि शेजारचा चांगला कांदाही बिघडतो. रांगडा कांदा तसाही उन्हाळी कांद्याइतका साठवणीचा नसतो, त्यात डेंगळ्यांना जागा देण्याचे कारण नाही.

प्रमाण फार असेल तर एक वेगळाच विचार मनात येतो: शेत असेच ठेवून बी धरले तर? उळ्याचे (कांद्याच्या बियाण्याचे) भाव चढलेल्या वर्षी हा मोह मोठा असतो. पुढचा भाग त्यासाठीच आहे.

बियाण्याचा उगम

ज्या रोपाने पहिल्याच हंगामात, थोड्याशा थंडीवर दांडा काढला, त्याच्या बियातून त्याच स्वभावाची रोपे अधिक प्रमाणात निघतात. खाण्याच्या कांद्याच्या शेतात आलेले डेंगळे राखून त्यांचे बी धरणे म्हणजे डेंगळा देणाऱ्या रोपांचीच निवड करणे आहे. असे बी घरी वापरले तर दोष स्वतःच्या शेतात साचत जातो, आणि शेजाऱ्याला विकले तर त्याच्या शेतात. दरवर्षी तारीख सांभाळूनही डेंगळे हटत नाहीत अशा अनेक शेतांत मूळ येथे असण्याची दाट शक्यता असते.

चांगले बी तयार करण्याची रीत वेगळी आहे. उन्हाळी पिकातून डेंगळा न आलेले, एकाच डोळ्याचे, बारीक मानेचे, एकसारख्या रंगाचे मध्यम कांदे निवडतात. ते चाळीत पावसाळाभर ठेवतात. जे सडतात, कोंब काढतात ते आपोआप गळतात. आणि उरलेले मातृकंद ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावतात. साठवणीतील उन्हाळ्याची ऊब आधीच्या थंडीचा ठसा पुसते, आणि नंतर डिसेंबरची थंडी नव्याने फुलकळी घडवते. रांगड्याचा शेतकरी ज्या थंडीला कंटाळतो, तीच थंडी बीजोत्पादकाला हवी असते; थंडी नीट न पडलेल्या हिवाळ्यात त्याचे फुलांचे गोंडे कमी आणि असमान येतात.

कांद्याचे परागीभवन मधमाश्या आणि इतर कीटक करतात, त्यामुळे शेजारच्या शेतातील डेंगळ्यांचा परागही आपल्या बीजप्लॉटात येऊ शकतो. प्रमाणित बियाण्यासाठी ५०० मीटर आणि पायाभूत बियाण्यासाठी १,००० मीटर विलगीकरण अंतर ठेवण्याचा नियम आहे तो याचसाठी. गावात सर्वांनी रांगड्यातले डेंगळे उभे ठेवले असतील, तर घरच्या बियाण्याची कितीही काळजी घेतली तरी ती अपुरी पडते; या एका बाबतीत शेजाऱ्याशी आधी बोलून घेतलेले बरे.

विकत घेताना हंगामाला साजेसा वाण घ्यावा. खरिपासाठी निवडलेले लाल वाण उशिरा लावले की डेंगळे आणि जोड दोन्ही वाढण्याचा धोका असतो. राजगुरूनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाचा भीमा शक्ती हा वाण रांगडा आणि रब्बी (उन्हाळी) अशा दोन्ही हंगामांसाठी आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा फुले समर्थ हा खरीप व रांगड्यासाठी, तर एन-२-४-१ हा मुख्यतः उन्हाळी हंगामासाठी ओळखला जातो. वाण कोणताही घेतला तरी पिशवीवरची चाचणीची तारीख पाहावी. कांद्याचे बी साध्या साठवणीत साधारण वर्षभरच चांगले उगवते. जुने बी विरळ उगवते, विरळ वाफ्यात रोपे असमान आणि जाड होतात, आणि ती जाड रोपे कोठे पोहोचतात ते वर आलेच आहे.

विकत घेतलेल्या बियाण्याविषयी तक्रार करायची वेळ आली, तर हाती काही असावे लागते. पावती, पिशवी, तिच्यावरचा लॉट क्रमांक आणि त्या लॉटचे मूठभर बी हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावे. रोप टाकल्याची आणि लागवडीची तारीख लिहिलेली असावी. आणि दोन वेगळ्या लॉटचे किंवा वाणांचे बी घेतले असेल तर ते एकाच दिवशी, शेजारी-शेजारी, समान अंतरावर लावलेले असावे. एकाच थंडीत, एकाच वयाच्या रोपांत एका पट्ट्यात डेंगळे आणि दुसरा स्वच्छ, असे दाखवता आले तरच तालुका कृषी कार्यालयात दिलेल्या अर्जाला वजन येते. पाहणी दांडे उभे असतानाच व्हावी लागते, म्हणून अर्ज काढणीपर्यंत न रखडवता पहिली मोजणी झाली की लगेच द्यावा.